मलमाची रिकामी बरणी

बारा वर्षांनीं उकिरड्याचेहि पांग फिटतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. इंग्लंडांतील उकिरड्यांना मात्र बारांच्या ऐवजीं शंभर वर्षें थांबावें लागलें. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत तेथील शहरांनीं जो केरकचरा गांवाबाहेर नेऊन टाकला, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हौशी लोक कुदळ-फावडें घेऊन उकरूं लागले. आणि त्या राखेच्या ढिगांतून ज्या असंख्य वस्तू वर आल्या, त्यांत एक अगदीं क्षुल्लक दिसणारी वस्तु होती. तिच्याविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. ती वस्तु म्हणजे मलमाची रिकामी बरणी.

ही बरणी कशी असते तें प्रथम डोळ्यांपुढें आणूं. पांढऱ्या मातीची, झिलई दिलेली, सरळ उभ्या अंगाची. उंची बहुधा बोटाच्या दोन पेरांएवढी. तोंडाशीं कांठ किंचित् बाहेर वळलेला, आणि त्या कांठाखालीं एक बारीकशी खांच. हिला झांकण नसे. मलम भरलें कीं तोंडावर कागद किंवा चर्मपत्र ताणून बसवीत आणि त्या खांचेंत दोरा आवळून बांधीत. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, तशांतलाच हा प्रकार.

अंगावर काळ्या रंगांत छापलेला मजकूर असतो, आणि बरणीचें सारें मोल या मजकुरांतच आहे. लंडनच्या हॉलोवे नांवाच्या व्यापाऱ्याच्या बरणीवर आरोग्यदेवता बसलेली असून शेजारच्या स्तंभाला सर्पानें वेढा घातला आहे. आणि तिच्या जोडीला रोगांची यादी दिली आहे. वर्षानुवर्षें न भरणारे व्रण, चिघळलेले पाय, स्तनांचीं दुखणीं, डोक्यांतील खवडे, संधिवात — या सर्वांवर एकच मलम! डोर्सेट परगण्यांतील दुसऱ्या एका बरणीवर तर औषधाचें नांवच मोठें हृदयस्पर्शी आहे: ‘गरिबाचा मित्र’. हीं अक्षरें वाचतांना आपणांस हसूं येतें. परंतु जरा थांबून विचार केला म्हणजे ध्यानांत येतें कीं, ही यादी औषध विकणाऱ्यानें लिहिली असली, तरी तिच्यांतील दुखणीं तें विकत घेणाऱ्याचीं होतीं. त्या काळच्या कष्टकरी माणसाला कोठें कोठें दुखत होतें, याचा इतका थोडक्यांत लिहिलेला दाखला दुसरीकडे सांपडणें कठीण. म्हणून आज मी या बरणीला दोन प्रश्न विचारणार आहें. तिनें लोकांना फसविलें काय? आणि फसविलें असेल, तर लोक पुनःपुन्हां तिच्याकडे कां गेले?

या बरण्या एवढ्या मोठ्या संख्येनें आणि एवढ्या धडधाकट स्थितींत सांपडतात, याला कारण आहे. त्या काळीं इंग्लंडांत घरोघर दगडी कोळसा जळत असे, आणि घरांतील कचऱ्याचा मोठा भाग म्हणजे राख. पूर्वीं लंडनमध्यें ही राख वायां जात नसे. तिचे प्रचंड ढीग घालीत. बायका चाळणी घेऊन ती चाळीत. आणि बारीक राख वीटभट्टीवाल्यांना विकली जाई. डिकन्सच्या १८६४-६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरींतील संपत्ति असल्याच ढिगांतून निघालेली आहे. पुढें १८७५ सालचा सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाल्यावर घरोघरचा केर उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर येत गेली, आणि शहराबाहेरचे खड्डे व पाणथळ जागा या कचऱ्यानें भरूं लागल्या. त्यांतील अन्न कुजलें, कापड विरलें, लोखंड गंजलें. राहिली ती कांच आणि भाजलेली माती. मऊ राखेंत पुरलेली बरणी फुटत नाहीं, घासत नाहीं आणि विटतहि नाहीं. ज्या वस्तु कपाटांत जपून ठेवल्या त्या नष्ट झाल्या, आणि फेंकून दिलेली बरणी टिकली, असा हा चमत्कार आहे.

मलम बरणींत घालण्याची चाल अर्थातच व्हिक्टोरिया राणीहून पुष्कळ जुनी. १५६७ सालीं यास्पर आंद्रीस व याकोब यान्सेन हे दोन कुंभार अँटवर्पहून निघून इंग्लंडांत नॉरिच शहरीं येऊन राहिले, आणि १५७० सालीं त्यांनीं एलिझाबेथ राणीकडे लंडनला धंदा काढण्याची परवानगी मागितली. आपण फरशा आणि औषधविक्यांचीं पात्रें करतों, असें त्यांनीं त्या अर्जांत म्हटलें होतें. कथलाच्या भस्मानें पांढरी झिलई दिलेलीं हीं लहान लहान पात्रें पुढें दोनशें वर्षें लंडनच्या आसपास होत राहिलीं. पण त्यांतील बहुतेक मुकीं आहेत. त्यांवर ना औषधाचें नांव, ना विकणाऱ्याचें. औषधवाला गिऱ्हाईकाच्या ओळखीचा असे. त्याला आपलें नांव बरणीवर ओरडून सांगण्याची गरज नव्हती. गिऱ्हाईक अनोळखी झालें, दूरदूरच्या गांवीं राहूं लागलें, तेव्हां बरणीला बोलणें भाग पडलें.

तिला वाचा फुटली ती छापाच्या कलेमुळें. १७५६ सालीं लिव्हरपूल येथील जॉन सॅडलर व गाय ग्रीन यांनीं सहा तासांत बाराशेंहून अधिक फरशांवर चित्रें छापून दाखविल्याचें प्रतिज्ञेवर लिहून दिलें. हीच विद्या पुढें कुंभारकामांत सर्वत्र पसरली. तिची रीत अशी: कोरणी तांब्याच्या पत्र्यावर मजकूर कोरी. पत्रा तापवून त्यावर तेलांत खललेला धातूच्या भस्माचा दाट रंग चोळीत, आणि वरचा रंग पुसून घेत. खांचांतला रंग तेवढा राही. मग साबणाचा हात दिलेला पातळ कागद त्यावर दाबून छाप उचलीत. हा ओला छाप एकवार भाजलेल्या, परंतु अद्याप झिलई न दिलेल्या बरणीभोंवतीं गुंडाळून घासून बसवीत. बरणी पाण्यांत बुडविली कीं कागद सुटे, रंग तेवढा मातींत मुरलेला राही. तेल जाळून टाकण्यासाठीं तिला मंद आंच देत, नंतर झिलईंत बुडवून पुन्हां भट्टींत घालीत. अशा रीतीनें अक्षरें कांचेसारख्या आवरणाखालीं कायमचीं बंद होत. कागदाची चिठ्ठी असती तर ती उकिरड्यांत आठ दिवसांत विरघळली असती. हा मजकूर मात्र दीडशें वर्षांनंतरहि बोट फिरवून वाचावा इतका स्पष्ट राहिला आहे.

आतां या मजकुरांतील एक मौजेचें कोडें पाहूं. पुष्कळ बरण्यांवर किंमत छापलेली असते, आणि ती मोठी विचित्र असते: एक शिलिंग दीड पेनी. सरळ एक शिलिंग कां नाहीं? त्याचें उत्तर सरकारी तिजोरींत आहे. तयार औषधांवर इंग्लंडांत १७८३ सालीं कर बसविण्यांत आला, आणि १८१२ सालीं त्याचे दर नव्यानें ठरले. एक शिलिंगापर्यंतच्या औषधावर दीड पेनी, अडीच शिलिंगांपर्यंत तीन पेन्स, चार शिलिंगांपर्यंत सहा पेन्स, दहांपर्यंत एक शिलिंग, विसांपर्यंत दोन, तिसांपर्यंत तीन. हॉलोवेच्या मलमाचे भाव आतां पाहा: एक शिलिंग दीड पेनी, दोन शिलिंग नऊ पेन्स, साडेचार शिलिंग, अकरा शिलिंग, बावीस शिलिंग आणि तेहतीस शिलिंग. प्रत्येक आंकड्यांतून कर वजा करा, म्हणजे एक, अडीच, चार, दहा, वीस व तीस असे स्वच्छ आंकडे उरतात. करानें किंमत वाढली, हें तर झालेंच. पण याहून विलक्षण परिणाम दुसरा झाला. कराचें तिकीट बरणीच्या बांधलेल्या तोंडावर चिकटविलेलें असे. तें फाडल्यावांचून मलम काढतां येत नसे. साध्याभोळ्या गिऱ्हाइकाला वाटे, ज्या अर्थीं यावर सरकारचा शिक्का आहे, त्या अर्थीं सरकारनें तें पारखलें असलें पाहिजे. औषधवाल्यांनींहि ही समजूत दूर करण्याची घाई केली नाहीं. सरकारला पैसा हवा होता आणि विक्रेत्याला प्रतिष्ठा. एका तिकिटांत दोघांचें काम झालें.

या सर्व व्यापाराचा मेरुमणि म्हणजे टॉमस हॉलोवे. याचा जन्म १८०० सालीं डेव्हनपोर्ट येथें झाला. घरचा धंदा भटारखान्याचा व खानावळीचा. तरुणपणीं तो कांहीं काळ फ्रान्समध्यें राहिला, आणि परत आल्यावर लंडनला परदेशी व्यापाऱ्यांचा अडत्या म्हणून काम करूं लागला. तेथें त्याची गांठ ट्यूरिनहून आलेल्या फेलिक्स अल्बिनोलो या इटालियन गृहस्थाशीं पडली. हा जळवा विकीत असे आणि स्वतःचें एक मलमहि तयार करी. हॉलोवेनें त्याची इस्पितळांतील डॉक्टरांशीं ओळख करून दिली. पण १८३७ च्या आक्टोबरांत वर्तमानपत्रांत जाहिरात झळकली ती हॉलोवेच्या स्वतःच्या मलमाची! सोबत मिडलसेक्स इस्पितळाचे शस्त्रवैद्य हर्बर्ट मेयो यांचें शिफारसपत्र होतें. हें पत्र वास्तविक आपल्या मलमाला उद्देशून आहे, असा अल्बिनोलोनें १८३८ सालीं जाहीर आक्षेप घेतला. परंतु त्याच्याजवळ विद्या असली तरी भांडवल नव्हतें. तो मागें पडला आणि त्याचें नांव पुसलें गेलें.

हॉलोवेचाहि मार्ग प्रारंभीं सुखाचा नव्हता. जाहिरातींवर त्यानें एवढें कर्ज केलें कीं त्यापायीं त्याला लंडनच्या व्हाइटक्रॉस स्ट्रीटवरील कर्जदारांच्या तुरुंगांत जावें लागलें. सुटून आल्यावर दुसऱ्या कोणी कानाला खडा लावला असता. यानें जाहिरातींचा खर्च वाढविला. १८४२ सालीं वर्षाचा खर्च ५,००० पौंड होता. १८४५ सालीं तो १०,००० झाला. १८५१ सालीं २०,०००. १८५५ सालीं ३०,०००. आणि १८६४ सालीं ४०,०००. रोज गोदीवर जाऊन जहाजांचे कप्तान व उतारू यांच्याशीं बोलावें, त्यांच्या सामानांत आपलीं मलमें व गोळ्या जातील असें करावें, हा त्याचा परिपाठ. स्वतःला तो ‘प्रोफेसर’ म्हणवी. ही पदवी कोणत्याहि विद्यापीठानें त्याला दिलेली नव्हती. आस्ट्रेलियांत सुट्या नाण्यांची टंचाई होती, तेव्हां त्यानें १८५७ व १८५८ सालीं स्वतःच्या मुखवट्याचीं तांब्याचीं बिल्लीं पाडून तिकडे धाडलीं. एका बाजूस प्रोफेसर हॉलोवे, दुसऱ्या बाजूस आरोग्यदेवता. आणि लोक तीं बिल्लीं नाण्यांप्रमाणें बाजारांत चालवीत.

संग्राहकाला त्याच्या बरणीचा काळ ठरविण्यास एक उत्तम साधन मिळालें आहे, तें म्हणजे दुकानाचा पत्ता. आरंभींच्या काळांतील बरणीवर ‘२४४ स्ट्रँड’ असा पत्ता असतो. १८६७ सालीं नव्या न्यायमंदिराच्या इमारतीसाठीं ती जागा सोडावी लागली, आणि दुकान ‘५३३ आक्सफर्ड स्ट्रीट’ येथें गेलें. पुढें रस्त्यांतील घरांना नवे आंकडे पडले, आणि तेंच घर ‘७८ न्यू आक्सफर्ड स्ट्रीट’ झालें. राखेच्या थरांत यांपैकीं कोणता पत्ता सांपडला, यावरून केवळ बरणीचें नव्हे, तर शेजारीं पडलेल्या बाटल्या, चिलमी, बशा यांचेंहि वय ढोबळ मानानें सांगतां येतें. जुन्या देवळाच्या शिलालेखावरून भोंवतालच्या बांधकामाचा काळ ठरवावा, तसेंच हें आहे; शिलालेख तेवढा मलमाचा!

हॉलोवेच्या तुलनेनें ‘गरिबाचा मित्र’ या मलमाची कथा लहान आहे, पण अधिक विचार करावयास लावणारी आहे. डोर्सेट परगण्यांत ब्रिडपोर्ट नांवाचें एक गांव आहे. तेथें डॉक्टर जाइल्स रॉबर्ट्स यांनीं हें मलम काढलें. ते १८३४ सालीं वारले, आणि मलमाची गुप्त कृति बीच व बार्निकॉट या दोघांच्या हातीं आली. म्हणून त्या बरणीच्या एका अंगास औषधाचें नांव, तर दुसऱ्या अंगास ‘डॉक्टर रॉबर्ट्स यांचे वारस बीच व बार्निकॉट’ असें छापलेलें दिसतें. किंमत तीच: एक शिलिंग दीड पेनी. आतां योगायोग असा कीं, त्याच १८३४ सालीं, त्याच डोर्सेट परगण्यांतील टॉलपडल गांवच्या सहा शेतमजुरांना, संघ करून गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून आस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठविण्यांत आलें. त्यांचें गाऱ्हाणें काय होतें? आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून उतरत उतरत सात शिलिंगांवर आली होती, आणि ती सहांवर आणण्याचा धाक घातला जात होता. सात शिलिंगांत घर चालविणाऱ्या मजुरानें ही बरणी घ्यावयाची म्हटली, तर आठवड्याच्या मजुरीचा जवळजवळ सहावा हिस्सा तिच्यांत जाई. गरिबाचा हा मित्र गरिबाला स्वस्त पडत नव्हता!

आणि या मित्राच्या पोटांत होतें काय? त्याची कृति पुढें उजेडांत आली, तेव्हां असें आढळलें कीं, त्यांतील बहुतेक सारा ऐवज डुकराची चरबी आणि मधमाशांचें मेण हाच होता. बाकी थोडीं धातूंचीं भस्में व क्षार आणि सुवासाकरितां गुलाब, लव्हेंडर यांसारखीं तेलें. हॉलोवेचें मलमहि मूलतः चरबी, मेण व राळ यांच्या वर्गांतलेंच. डोळ्यांसाठीं सिंगल्टनचें एक मलम प्रसिद्ध होतें. तें १५९६ सालापासून चालत आल्याचा त्याच्या मालकांचा दावा असे. त्याची बरणी बैठकीवर उभ्या केलेल्या इवल्याशा पेल्यासारखी असल्यामुळें संग्राहकांना ती फार प्रिय आहे; आंतलें मलम मात्र पाऱ्याच्या तांबड्या भस्माचें होतें. अशा औषधांचें बिंग फोडण्याचें काम ब्रिटिश वैद्यकमंडळानें हातीं घेतलें. १९०९ सालीं ‘सीक्रेट रेमेडीज’ व १९१२ सालीं ‘मोअर सीक्रेट रेमेडीज’ अशीं दोन पुस्तकें काढून त्यानें कितीएक गुप्त औषधांचें पृथक्करण, आणि प्रत्येकांतील द्रव्यांची खरी किंमत, लोकांपुढें मांडली. पार्लमेंटची चौकशी-समिति नेमली गेली. तिचा वृत्तांत १९१४ च्या आगस्टमध्यें, म्हणजे नेमका महायुद्धाला तोंड लागलें तेव्हां, बाहेर आला, आणि तोफांच्या आवाजांत तो कोणालाच ऐकूं आला नाहीं. कर्करोगावर औषध असल्याची जाहिरात करण्यास बंदी झाली ती १९३९ सालीं. आणि औषधांत काय आहे तें वेष्टनावर लिहिण्याची सक्ति आली, व तो जुना तिकिटाचा कर उठला, तो १९४१ सालीं.

येथें माझ्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. होय, बरणीनें लोकांना फसविलें. पायावरच्या व्रणाला चरबीचा लेप दिल्यानें फारसें बिघडत नसेल. परंतु ‘स्तनांचीं दुखणीं’ या शब्दांपाशीं आपण थबकतों. त्यांत बाळंतिणीचा ठणका असेल, तशीच एखादीची वाढत जाणारी गांठहि असेल. अशी स्त्री महिनेच्या महिने विश्वासानें मलम चोळीत बसली असेल, आणि तिच्या हातांतून वेळ निघून गेली असेल. तिची बरणीहि त्याच राखेंत पडली आहे, आणि ती इतर बरण्यांसारखीच पांढरी स्वच्छ दिसते.

पण दुसरा प्रश्न उरतो. लोक मूर्ख होते म्हणून बरणीकडे गेले, असें म्हणून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. दुसरीकडे त्यांना काय मिळत होतें तें पाहिलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नांवाजलेले डॉक्टरहि जळवा लावीत, रक्त काढीत, पारा पोटांत देत. इस्पितळांत शस्त्रक्रिया झाली तर जखम सडून रोगी दगावण्याची भीति मोठी असे. जोसेफ लिस्टर यांनीं कार्बोलिक ॲसिडानें जखमा जंतुरहित ठेवण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली ती १८६७ सालीं, म्हणजे हॉलोवेच्या पहिल्या जाहिरातीनंतर तीस वर्षांनीं. परटीण, स्वयंपाकीण, गिरणीचा कामगार यांना दिवसभर उभें राहून काम करावें लागे. त्यांच्या पायांच्या शिरा फुगत, कातडी फुटे आणि व्रण वर्षानुवर्षें भरत नसे. डॉक्टर सांगणार, पडून राहा. पडून राहिलें तर खावयाचें काय? बरणी मात्र पडून राहण्यास सांगत नसे. मांसांत मीठ चोळावें तसें मलम अंगांत जिरवावें, एवढेंच तिचें म्हणणें. व्रण झांकला जाई, धूळ व माशा यांपासून सुटका होई, ठणका थोडा मंदावे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, आपण आपल्या दुखण्यावर कांहीं तरी उपाय करीत आहों, असें समाधान लाभे. शास्त्राचा दरवाजा ज्यांना बंद होता, ते शेजारच्या खिडकीशीं गेले. त्यांना दोष देण्यापूर्वीं दरवाजा कोणी बंद ठेवला होता, हेंहि विचारलें पाहिजे.

ही खिडकी इंग्लंडपुरती नव्हती. हॉलोवेच्या औषधांचीं सूचनापत्रें चिनी, तुर्की, अरबी अशा भाषांत, आणि हिंदुस्थानांतील बहुतेक देशी भाषांतहि निघत, अशी त्याची ख्याति होती. चीनमधून हिंदुस्थानकडे येण्याची वाट शोधणारा टी. टी. कूपर नांवाचा प्रवासी आपल्या १८७१ सालच्या प्रवासवर्णनांत सांगतो कीं, जवळचें हॉलोवेचें मलम वांटतांच लोकांनीं दूध, कोंबड्या, लोणी आणून त्याला बुडवून टाकलें. शेवटीं चमचाभर मलमाला एक कोंबडी, असा दर झाला! हॉलोवेच्या जाहिरातींत ही हकीकत पुढें नेमानें येई. आपल्या मुंबईंतहि तयार औषधांचा व्यापार लवकरच देशी माणसांनीं हातीं घेतला. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनीं ‘अमृतांजन’ काढलें तें १८९३ सालीं, मुंबईंत. आणि त्याच धंद्याच्या बळावर त्यांनीं १९०८ सालीं मुंबईंतूनच ‘आंध्र पत्रिका’ हें तेलुगु साप्ताहिक सुरू केलें. मलमाचा पैसा विद्येकडे वळल्याचें हें आपल्याकडील उदाहरण होय.

असेंच वळण हॉलोवेच्या संपत्तीनेंहि घेतलें, आणि तें न सांगतां त्याची गोष्ट पुरी होत नाहीं. त्याला मूलबाळ नव्हतें. १८७५ सालीं त्याची पत्नी जेन वारली. तिच्या स्मरणार्थ त्यानें लंडनजवळ एगम येथें स्त्रियांसाठीं एक भव्य विद्यालय बांधण्यास घेतलें. फ्रान्समधील शांबोर येथील राजवाड्याच्या धर्तीवर क्रॉसलंड या शिल्पशास्त्रज्ञानें त्याची रचना केली. मनोरुग्णांकरितां व्हर्जिनिया वॉटर येथें दुसरी प्रचंड इमारत उठली. दोन्ही पुऱ्या झालेल्या पाहण्यास हॉलोवे राहिला नाहीं. तो १८८३ च्या डिसेंबरांत वारला. रुग्णालय १८८५ सालीं उघडलें, आणि ३० जून १८८६ रोजीं खुद्द व्हिक्टोरिया राणीनें विद्यालयाचें उद्घाटन केलें. पुढच्या वर्षीं तेथें पहिल्या अठ्ठावीस विद्यार्थिनी आल्या. लंडन विद्यापीठानें स्त्रियांना पदव्या खुल्या केल्यास तेव्हां जेमतेम नऊ वर्षें झालीं होतीं. १९०० सालीं तें विद्यालय त्या विद्यापीठांत सामील झालें, आणि आजहि तें नांदतें आहे.

आतां हा हिशेब कसा मांडावा? ज्या परटिणींच्या व ज्या मजुरांच्या शिलिंगांनीं त्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्या मुली तेथें शिकावयास गेल्या नाहींत; तें भाग्य वरच्या थरांतील मुलींचें. तरीहि स्त्रीशिक्षणाला तेथें जें घर मिळालें, तें खरेंच घर होतें. खोट्या आश्वासनांतून खरें कार्य उभें राहिलें म्हणून तें आश्वासन खरें ठरत नाहीं. आणि आश्वासन खोटें होतें म्हणून कार्यहि खोटें ठरत नाहीं. जमा आणि नांवें या दोन्ही बाजू वहींत तशाच राहूं द्याव्या. एकीनें दुसरी खोडूं नये, हेंच प्रामाणिकपणाचें.

अखेरीस संग्राहकांविषयीं दोन शब्द. या बरण्यांना आतां बाजार आहे, आणि बाजार आला कीं लबाडी आलीच. जुन्या कोऱ्या बरणीवर नवा छाप मारून ती विकणारे महाभाग निघालेले आहेत. जुना छाप झिलईखालीं असतो. बोट फिरवितां तो लागत नाहीं. नवा बहुधा वर बसतो आणि नखाला अडकतो. खोट्या औषधाच्या बरणीचीहि खोटी प्रत निघावी, हा काळानें हॉलोवेवर उगविलेला सूडच म्हणावयाचा! पण लबाडीहून मोठी हानि अज्ञानानें होते. बरणी उकरून काढणारा पुष्कळदां ती धुऊन पुसून फळीवर मांडतो, आणि ती कोठें, किती खोल, कशाशेजारीं सांपडली, याची एक ओळहि लिहून ठेवीत नाहीं. स्थळापासून तुटलेली बरणी शोभेची वस्तु होते. स्थळासह नोंदलेली बरणी साक्षीदार होते. कामगारांच्या वस्तीच्या राखेंत मलमाच्या बरण्या किती, आणि श्रीमंतांच्या वस्तीच्या राखेंत किती, हें ज्यानें मोजून लिहिलें, त्यानें एखाद्या मोठ्या ग्रंथांत न सांपडणारी गोष्ट इतिहासाला दिली.

आपल्याहि गांवोगांवच्या जुन्या माळ्यांवर व परसांत औषधांच्या रिकाम्या बाटल्या, डब्या, बरण्या पडलेल्या असतील. त्यांवरील अक्षरें एकदां वाचून पाहावीं, अशी माझी विनंति आहे. राजे-महाराजांचे पराक्रम लिहिणारे बखरकार पुष्कळ झाले. पण एखाद्या धुणेकरणीचा पाय किती वर्षें ठणकत होता, हें कोण्या बखरकारानें लिहिलें नाहीं. तें लिहिलें एका मलमवाल्यानें, स्वतःच्या लाभाकरितां आणि अतिशयोक्तीनें. मलम संपलें, मलमवाला गेला, ती धुणेकरीणहि गेली. बरणी तेवढी राहिली आहे. आणि ती रिकामी असल्यामुळेंच आज तिच्यांत आपल्याला इतकें पाहतां येतें.